कर्त्याकडे परतणारी क्रिया : रिद्धपूरपासून चिखलदऱ्यापर्यंत

क्रिया कर्त्यापासून निघते. मग एक तर ती दुसऱ्यावर जाऊन पडते, नाही तर फिरून कर्त्याकडेच येते. आईने बाळाला न्हाऊ घातले, हा पहिला प्रकार; आई न्हाली, हा दुसरा. हा फरक बहुतेक भाषांना कुठे ना कुठे दाखवावा लागतो. कोणी तो क्रियापदाच्या प्रत्ययात दाखवते, कोणी सर्वनामात, तर कोणी संदर्भावर सोडून मोकळी होते. परकी भाषा शिकणारा नेमका इथे अडखळतो. आपल्या भाषेत ही खूण जिथे असते तिथेच तो नव्या भाषेत ती शोधतो.

स्पॅनिशमध्ये ही खूण सर्वनामाची आहे आणि ती क्रियापदाला चिकटून येते. ‘लावार’ म्हणजे धुणे, ‘लावार्से’ म्हणजे स्वतःला धुणे, अंग धुणे. शेवटचे ‘से’ पुरुषाप्रमाणे बदलते: मे, ते, से, नोस, ओस, से. ‘मे यामो’ या नाव सांगण्याच्या पहिल्याच पाठात विद्यार्थी या क्रियापदांत शिरतो, मात्र तेव्हा ते त्याला कळलेले नसते. पुढे उठणे, बसणे, निजणे, कपडे घालणे अशी रोजची क्रियापदे येतात आणि प्रत्येकाच्या मागे हे शेपूट दिसते. मराठी माणसाला ते अनावश्यक वाटते. उठणारा स्वतःच उठतो, मग ‘स्वतःला’ म्हणायचे कशाला? हा प्रश्न वाजवी आहे. त्याचे उत्तर व्याकरणाच्या इतिहासात सापडते, आणि त्या इतिहासाचा एक मोठा तुकडा वऱ्हाडातला आहे.

भारतीय व्याकरणात या फरकाला नाव मिळाले ते पाणिनीच्या अष्टाध्यायीत. संस्कृत धातूंना लागणाऱ्या प्रत्ययांचे दोन गट: दुसऱ्यासाठी ते परस्मैपद, स्वतःसाठी ते आत्मनेपद. काही धातू एकाच गटाचे, काही दोन्हींचे. दोन्ही गटांच्या धातूंबद्दल पाणिनीने पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात नियम दिला आहे. क्रियेचे फळ कर्त्याला मिळणार असेल तर आत्मनेपद, एरवी परस्मैपद. त्याचे नेहमीचे उदाहरण यज्ञाचे. आहुत्या देणारा ऋत्विज ‘यजति’, कारण तो दुसऱ्यासाठी यज्ञ करतो. ज्याच्या घरी यज्ञ चालला आहे तो ‘यजते’, कारण पुण्य त्याच्या पदरी पडते. हात ऋत्विजाचे राबतात आणि आत्मनेपद मात्र यजमानाला मिळते. म्हणजे स्वतःवर उलटणारी क्रिया एवढीच ही कल्पना नव्हती. लाभ कोणाचा, हा हिशेब तिच्या मुळाशी होता. ‘शेते’, ‘लभते’ यांसारखी नुसती आत्मनेपदी क्रियापदे या हिशेबात नीट बसत नाहीत. ती रूढीने तशी चालतात. कर्मणी प्रयोगातही हेच प्रत्यय येतात.

हा भेद पुढे टिकला नाही. महाकाव्यांच्या संस्कृतातच दोन्ही गटांची सरमिसळ दिसते, आणि प्राकृतांत आत्मनेपद जवळजवळ लोपले. मराठी ज्या महाराष्ट्री प्राकृताच्या वंशातली मानली जाते तिथेही तेच घडले. मराठीत राहिले ते आत्मनेपदी धातूंच्या ‘मान’ प्रत्ययाचे तत्सम शब्द: यजमान, वर्तमान, विद्यमान, वर्धमान. लग्नपत्रिकेत यजमान म्हणून नाव छापणाऱ्याला आपण आत्मनेपदी असल्याची कल्पना नसते. जुन्या मराठीत कर्मणीचा एक धागाही शिल्लक होता: कीजे, दीजे, बोलिजे, म्हणिजे. त्यातला ‘म्हणिजे’, म्हणजे ‘म्हटले जाते’, घासून घासून आजचे ‘म्हणजे’ झाले. स्पॅनिशमध्ये ‘असे म्हणतात’ या अर्थी ‘से दीसे’ येते, म्हणजे तिथे हे कामही तेच ‘से’ करते. संस्कृताने आत्मनेपद आणि कर्मणी यांना एका प्रत्ययमालेत बांधले होते. स्पॅनिशने स्वगामी आणि कर्ता लपवणारी अशा दोन्ही रचना एका सर्वनामावर टाकल्या.

मराठीचा विचार मराठीतूनच करणारे पहिले व्याकरण वऱ्हाडाशी जोडलेल्या परंपरेत तयार झाले. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे गाव आणि महानुभावांची काशी. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या मागे त्यांचा शिष्यपरिवार नागदेवाचार्यांसह इथेच गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिला. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या, आणि लीळाचरित्र आकाराला आले ते याच परिसरात. केशिराजबासांनी चक्रधरांची वचने सूत्रपाठात निवडली. वचन गुरूच्या तोंडचे, तेव्हा त्यातला एकेक शब्द प्रमाण. मग ते समजून घ्यायला विभक्ती, कारक, वाक्यातला अन्वय यांची मीमांसा आलीच. पंडित भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ या गरजेतून झाले. ते साधारण चौदाव्या शतकातले मानतात आणि मराठीचे आद्य व्याकरण म्हणून त्याचा उल्लेख होतो. आज रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ आहे, त्याला ही पार्श्वभूमी आहे.

महानुभावांचा साचा संस्कृत व्याकरणाचा होता, पण हाताशी असलेल्या भाषेत आत्मनेपद उरले नव्हते. साच्यातली ती खोली रिकामी राहिली. तिचे काम दुसरेच शब्द करू लागले होते. त्यातला एक ‘आपण’. संस्कृत आत्मन् प्राकृतात अप्प, अप्पण झाला आणि मराठीत ‘आपण’ म्हणून स्थिरावला. वऱ्हाडी बोलणारा ‘आपुन’ म्हणतो. हा एकच शब्द तीन ओझी वाहतो. तो ऐकणाऱ्याला सामील करून घेणारा ‘आम्ही’ आहे, आदरार्थी ‘तुम्ही’ आहे आणि ‘स्वतः’ही आहे.

तिकडे युरोपात लॅटिनचेही असेच झाले होते. लॅटिनमध्ये ‘लावोर’ या एका रूपात ‘मी धुतला जातो’ आणि ‘मी अंग धुतो’ हे दोन्ही अर्थ मावत. तिच्या पोटी जन्मलेल्या स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच, इटालियन या भाषांनी ही प्रत्ययमाला टाकली आणि ‘से’ या सर्वनामाला कामाला लावले. हे लॅटिन ‘से’ आणि संस्कृत ‘स्व’ एकाच मुळाचे. आंतोनिओ दे नेब्रिखाने १४९२ मध्ये सालामांका येथे कास्तिलियन भाषेचे, म्हणजे आजच्या स्पॅनिशचे, व्याकरण छापले. लोकभाषेलाही व्याकरण असते, ही गोष्ट त्याने इबेरियात रूढ केली. पोर्तुगीजचे व्याकरण झुआंव द बारुश याने १५४० मध्ये दिले. लॅटिनचे पाठ्यपुस्तक म्हणून जेझुइट शाळांत मानुएल आल्वारेसचा ग्रंथ चाले.

हीच शिदोरी घेऊन मिशनरी गोव्यात उतरले. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. मराठी वाचकांना तो क्रिस्तपुराणामुळे माहीत आहे. त्याने लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूरच्या सेमिनरीतल्या छापखान्यातून पोर्तुगीजमध्ये बाहेर पडले. भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण ते हेच मानले जाते. पुढे १७७८ मध्ये रोममधून ‘ग्रामातिका मरास्ता’ निघाली. निजामशहा आणि आदिलशहा यांच्या राज्यांत सर्रास चालणाऱ्या मराठीचे ते व्याकरण, असे तिच्या शीर्षकातच म्हटले आहे. निजामशाही आणि आदिलशाही तोवर कधीच बुडाल्या होत्या; पुस्तकाच्या शीर्षकात त्या शाबूत राहिल्या. ही पुस्तके पाद्र्यांसाठी होती. पोर्तुगीज बोलणारा सकाळी ‘लेवांतार-से’ करतो, त्याला इथल्या भाषेत ‘उठणे’ एवढेच पुरते, हे शिकायचे होते. आज स्पॅनिश शिकणारा मराठी माणूस नेमक्या उलट वाटेने जातो.

इंग्रजी अमलात साचा पुन्हा बदलला. विल्यम कॅरीने फोर्ट विल्यम कॉलेजातल्या वैजनाथ पंडितांच्या मदतीने तयार केलेले मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये सिरामपूरला छापले. दादोबा पांडुरंगांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ १८३६ चे, गणपतराव नवलकरांचे इंग्रजीतले विद्यार्थ्यांसाठीचे व्याकरण १८६८ चे आणि मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चे. या पुस्तकांच्या मागे दोन साचे होते, एक संस्कृताचा आणि एक इंग्रजीचा. संस्कृतात स्वगामी अर्थ क्रियापदाच्या प्रत्ययात, इंग्रजीत तो सर्वनामात. मराठी क्रियापदाला तसा प्रत्यय नाही, म्हणून पहिला दरवाजा बंद. दुसरा उघडा होता. त्यामुळे शाळेतल्या व्याकरणात हा विषय ‘आत्मवाचक सर्वनाम’ या शीर्षकाखाली येतो. आपण, स्वतः, निज असे शब्द दिले की प्रकरण संपते. यात चूक काही नाही, पण मराठी बोलणारा दिवसभरात ‘स्वतःला’ फार थोड्या वेळा म्हणतो. खरे काम दुसऱ्या तीन ठिकाणी चालते आणि ती तीन ठिकाणे व्याकरणाच्या तीन निरनिराळ्या प्रकरणांत विखुरली आहेत.

पहिले ठिकाण अकर्मक आणि सकर्मक यांच्या जोड्यांचे. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, जळणे-जाळणे, सुटणे-सोडणे, उठणे-उठवणे, बसणे-बसवणे. मराठीला कर्त्यापाशी थांबणारी क्रिया मूळची वाटते. दुसऱ्यावर टाकायची झाली की स्वर बदलतो किंवा ‘व’ येतो. स्पॅनिशला दुसऱ्यावर जाणारी क्रिया मूळची: लेवान्तार म्हणजे उठवणे, सेन्तार म्हणजे बसवणे, आकोस्तार म्हणजे निजवणे, रोम्पेर म्हणजे तोडणे किंवा फोडणे. त्यांना ‘से’ लावले की उठणे, बसणे, निजणे, तुटणे. दोन्ही भाषांत जोडी आहे, फक्त खूण लागते ती विरुद्ध टोकाला. नवख्याने ‘लेवान्तार’चा अर्थ उठणे असा पाठ केला की पुढची सगळी उजळणी चुकते. तो उठवणे असा पाठ केला तर ‘से’ आपोआप जागेवर बसते. शब्दकोशात पाहताना मराठी विद्यार्थ्याने आधी प्रयोजक रूप मनात आणावे, हा व्यवहारी सल्ला इथूनच निघतो. अर्थात तो सगळीकडे लागू पडत नाही. ‘आत्रेवेर्से’ (धजणे), ‘केखार्से’ (तक्रार करणे) यांसारखी काही क्रियापदे ‘से’वाचून चालतच नाहीत. ती संस्कृतातल्या ‘शेते’सारखी रूढीवर सोडून द्यावी लागतात.

दुसरे ठिकाण अवयवांचे. ‘मी हात धुतले’ या वाक्यात हात कोणाचे, ते मराठी सांगत नाही. दुसऱ्याचे असतील तरच सांगते. स्पॅनिशही ‘माझे हात’ म्हणत नाही. ती म्हणते ‘मे लावो लास मानोस’: ‘मे’ने मालक कळतो आणि हातांना नुसते उपपद लागते. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारा इथे ‘माझे’ घुसडतो. मराठीतून थेट शिकणाऱ्याला तो मोह कमी व्हायला हवा, पण आपल्याकडे स्पॅनिशची पुस्तके बहुधा इंग्रजीतून येत असल्याने तोही तीच चूक करतो. वऱ्हाडात अंघोळीला ‘आंग धुनं’ म्हणतात. अंग कोणाचे, हे विचारायची तिथे गरज पडत नाही.

तिसरे ठिकाण ‘घेणे’चे, आणि ते सर्वांत मोलाचे आहे. करून घेणे, शिकून घेणे, आवरून घेणे, जेवून घेणे, समजून घेणे यांत ‘घेणे’ काही उचलत नाही. क्रियेचे फळ कर्त्याकडे येते, एवढेच ते दाखवते. त्याच्या समोर ‘देणे’ आहे: करून देणे, लिहून देणे, शिवून देणे. वऱ्हाडातल्या कपाशीच्या वावरात हे रोज ऐकू येते. मजूर बाई कापूस वेचून देते, शेतकरी कापूस वेचून घेतो. बोटे बाईची, कापूस शेतकऱ्याचा. ऋत्विज आणि यजमान यांच्यात पाणिनीने जी रेघ ओढली तीच इथे घेणे-देणेने ओढली आहे. म्हणजे आत्मनेपद प्रत्यय म्हणून मेले, पण त्याचा हिशेब मराठीने नव्या सहायक क्रियापदावर चढवला. व्याकरणांत हे सारे संयुक्त क्रियापदांच्या प्रकरणात येते, आत्मवाचकाच्या शेजारी येत नाही. साचा बाहेरून आणला की असे होते.

संयुक्त क्रियापदांचा आणखी एक उपयोग स्पॅनिश शिकताना होतो. तिथे ‘से’ काही वेळा स्वगामी नसून क्रिया पुरी झाल्याचे किंवा तिला सुरुवात झाल्याचे दाखवते. इर म्हणजे जाणे, इर्से म्हणजे निघून जाणे. दोर्मिर म्हणजे झोपणे, दोर्मिर्से म्हणजे झोपी जाणे. कोमेर म्हणजे खाणे, कोमेर्से म्हणजे खाऊन टाकणे. इंग्रजीतून समजावताना शिक्षकाची इथे दमछाक होते. मराठीत निघून जाणे, झोपी जाणे, खाऊन टाकणे असे म्हटले की भागते. पेला फुटल्यावर स्पॅनिश माणूस म्हणतो ‘से मे रोम्पिओ एल वासो’. शब्द सुटे करून याचा अर्थ लागत नाही, पण ‘माझ्या हातून पेला फुटला’ हे त्याचे तंतोतंत मराठी. फोडला कोणी, ते दोन्ही वाक्ये सांगत नाहीत.

आता घाट चढून चिखलदऱ्याला यायला हवे, कारण इथे भाषेचे कूळच बदलते. जवळच्या गाविलगडाचा किल्ला डिसेंबर १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने घेतला. चिखलदऱ्याचे पठार हैदराबाद फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने १८२३ मध्ये पाहिले, असे नोंदवले आहे. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला आणि सुमारे ३,६०० फूट उंचीचे हे पठार साहेबांच्या उन्हाळ्याची जागा बनले. भोवतालच्या मेळघाटात कोरकूंची वस्ती. ‘कोर’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय, म्हणून कोरकू म्हणजे माणसे. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नाही, गोंडीच्याही नाही. ती मुंडा कुळातली, म्हणजे संथाळी आणि मुंडारी यांची बहीण. मुंडा भाषांचा मुख्य मुलूख छोटा नागपूरकडे आहे, आणि त्यांच्या सर्वांत पश्चिमेच्या टोकाला ही एकटी सातपुड्यात उभी आहे.

कोरकू शब्दांच्या आरंभीच्या याद्या नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या कागदांत आहेत. ते कागद त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने छापले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘कुरकू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन’ एलिचपूर आणि मेळघाटात काम करू लागले. सपाटीवर मराठी, बाजारात हिंदुस्तानी आणि डोंगरात कोरकू, अशा तीन भाषांशी तिथे गाठ पडे. या मिशनमधल्या जॉन ड्रेक यांचे कोरकूचे व्याकरण १९०३ मध्ये कलकत्त्याच्या बॅप्टिस्ट मिशन प्रेसने छापले. त्याच वर्षी योहान हॉफमन यांचे मुंडारीचे व्याकरणही कलकत्त्यातच निघाले. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ मध्ये आला. त्यात मुंडा भाषांचे प्रकरण नॉर्वेच्या स्टेन कोनोव यांनी लिहिले आणि कोरकूला तिच्या बहिणींच्या शेजारी जागा दिली.

या शेजाराचा फायदा असा, की कोरकूत धूसर झालेले मुंडारीत स्वच्छ दिसते. मुंडारीत ‘लेल’ म्हणजे पाहणे. ‘लेलेन’ म्हटले की स्वतःला पाहणे, आणि शब्दाच्या पोटात ‘प’ घातला की ‘लेपेल’, एकमेकांना पाहणे. सर्वनाम नाही, सहायक क्रियापद नाही; क्रियापदच बदलते. स्पॅनिशमध्ये या दोन्ही अर्थांना एकच ‘से’ येते, आणि ‘से मिरान’ ते स्वतःला पाहतात की एकमेकांना, हे संदर्भावरून ठरवावे लागते. कोरकूत भूतकाळाचे प्रत्यय दोन जातींचे आहेत. कर्त्यापाशी थांबणाऱ्या क्रियांना ‘एन’ लागतो, जसे ‘हेजेन’, आला. कर्मावर जाणाऱ्या क्रियांना ‘क’ किंवा ‘ख’ असलेला वेगळा प्रत्यय लागतो. म्हणजे क्रिया परतली की पुढे गेली, हे बोलणाऱ्याला शेवटच्या अक्षरात ठरवावेच लागते. संस्कृत आणि लॅटिन यांच्या वंशजांनी जी सोय गमावली तिच्या जातीची सोय चिखलदऱ्याच्या बाजारात वापरात आहे. मराठी ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांच्यात ऐकणारा आत की बाहेर, एवढेच सांगते. कोरकू तेही सांगते आणि द्विवचन वेगळे राखते.

ड्रेकनंतर बराच काळ कोरकूकडे कोणी बारकाईने पाहिले नाही. १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांच्या जातिजमातींच्या ग्रंथात कोरकूंवर प्रकरण आले, पण त्याचा रोख चालीरीतींवर होता. नॉर्मन झाइड या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६० मध्ये पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात कोरकूच्या ध्वनिव्यवस्थेवर प्रबंध दिला आणि पुढे हयातभर मुंडा भाषांचे काम केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले के. एस. नागराज यांचे कोरकूचे व्याकरण १९९९ मध्ये टोकियोतून प्रसिद्ध झाले. त्यात व्याकरणाबरोबर कोरकूतले सलग मजकूर आणि शब्दसंग्रह दिला आहे. २०११ च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा सांगणारे सात लाखांहून जास्त होते, आणि त्यांतले बरेच मध्य प्रदेशातल्या खंडवा, बुऱ्हाणपूर, बैतूल या जिल्ह्यांतले आहेत. मेळघाटच्या शाळांत नेमणुकीवर येणाऱ्या मराठी शिक्षकाला ही भाषा मुलांच्या तोंडून ऐकू येते, आणि ‘एन’चा प्रत्यय त्याच्या कानावर पहिल्या दिवसापासून पडतो.